आपल्या जिल्ह्यातली उषाताई

पालघर जिल्हा झाल्यापासून शाळाशाळांतून ‘आपला जिल्हा’ हा प्रकल्प मुलांना देतात. नातीने केलेला असाच एक प्रकल्प परवा मी नीट वाचून काढला. जव्हारचा राजवाडा, डहाणूचे चिकू, वाड्याचा कोलम, गंजाडचे जिव्या सोमा मशे आणि त्यांची वारली चित्रं, गोदूताई परुळेकर, १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरमध्ये छातीवर गोळ्या घेणारे पाच हुतात्मे, वसईची लढाई, तारापूरची अणुवीज. सगळं खरं, सगळं अभिमानाचं. मुलीने जीव ओतून केलं होतं. पण शेवटच्या पानापर्यंत मी एक नाव शोधत होते आणि ते कुठेच नव्हतं. उषा किरण.

२२ एप्रिल १९२९ ला वसईत जन्मलेली उषा बाळकृष्ण मराठे. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आली आणि तिच्याबरोबर हिंदी-मराठी पडद्यावरची एक मोठी अभिनेत्रीही आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आली. ही गोष्ट आपल्याकडे कुणी फारशी मनावर घेतलेली मला दिसली नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी कोणी समीक्षक नाही. तारापूरला वाढलेली, बोईसरला संसार केलेली, जन्मभर उषाताईंचे सिनेमे जमेल तिथे आणि जमेल तसे पाहणारी एक चाहती आहे.

आज बोईसर म्हटलं की लोकांना एमआयडीसीतली धुराडी, नवापूर नाक्यावरची रिक्षांची कोंडी आणि अणुवीज केंद्राची टॅप्स कॉलनी आठवते. माझ्या लहानपणी स्टेशनाबाहेर गवताच्या गंजी रचलेल्या असत. इथलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे. स्टेशनावरून तारापूर-चिंचणीला यायचं तर टांगा किंवा एसटी. दोन्ही बाजूंना भातशेती, मधे मिठागरांचा पांढरा पट्टा, वाऱ्याला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा अमेरिकेतून आलेले गोरे इंजिनियर दिसू लागले आणि आम्ही पोरं रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांच्या गाड्या मोजत असू. २८ ऑक्टोबर १९६९ ला ते केंद्र रीतसर वीज देऊ लागलं. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं आमच्याकडचा सिनेमा मात्र तंबूतच होता.

भात झोडून झालं, खळी मोकळी झाली की टुरिंग टॉकीजवाले येत. मळ्यात खांब उभे राहत, कनात लागत, बैलगाडीतून मशीन उतरे. दुपारी कर्णा बांधलेली गाडी गावातून फिरे आणि सिनेमाचं नाव ओरडून सांगे. संध्याकाळी जेवणं लवकर उरकायची, गोणपाट बगलेत मारायचं, थंडीसाठी एक गोधडी घ्यायची आणि निघायचं. मधोमध दोर बांधलेला असे. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. रीळ बदलताना अंधार पडे, त्या अंधारात रडणाऱ्या पोरांना पदराखाली घेऊन आया ‘पुढं काय होणार’ याची चर्चा करत. रीळ तुटलं की पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या. तंबूत नवा सिनेमा क्वचितच येई. मुंबईत लागून, पुण्या-नाशकाकडे फिरून, ओरखड्यांनी भरलेल्या प्रती दहा-दहा वर्षांनी आमच्यापर्यंत पोचत. म्हणून १९५३ चा ‘पतिता’ मी साठच्या दशकात पाहिला, आणि तो माझ्यासाठी अगदी ताजा होता.

‘पतिता’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यातलं सगळं कळण्याचं माझं वय नव्हतं. राधा नावाची गरीब मुलगी, अपंग बाप, भाडं थकलेलं घर आणि त्या भाड्याच्या जोरावर तिचं आयुष्य नासवणारा घरमालक. पुढे तिला दिवस जातात, ती जीव द्यायला निघते, वाचते. आणि देव आनंदने केलेला नायक हे सगळं कळल्यावरही तिचा हात सोडत नाही. स्वातंत्र्य मिळून जेमतेम सहा वर्षं झालेली. अशा मुलीला गावाने काय केलं असतं हे आमच्या तंबूतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. घरी परतताना बायका एरवी नट-नट्यांच्या साड्यांवर बोलत. त्या रात्री कोणी बोललं नाही. आई एवढंच म्हणाली, ‘‘तिने मान खाली घातली नाही बघ.’’

आईच्या त्या वाक्यात उषाताईंचा सगळा अभिनय आला असं मला आज वाटतं. अमिय चक्रवर्तींनी त्यांना आधी ‘दाग’मध्ये (१९५२) घेतलं होतं. तिथे नायिका निम्मी होती आणि सगळा उजेड दिलीपकुमारवर होता. त्या भूमिकेसाठी दिलीपकुमारला फिल्मफेअरचा अभिनेत्यासाठीचा पहिलावहिला पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी ‘पतिता’मध्ये चक्रवर्तींनी संपूर्ण चित्रपट उषाताईंच्या खांद्यावर टाकला. अशी भूमिका रडून-भेकून करण्याचा काळ होता तो. पडद्यावरच्या दुःखी बाईने ऊर बडवला नाही तर प्रेक्षकाला पैसे फुकट गेल्यासारखे वाटत. उषाताईंची राधा रडते, पण रडून झाल्यावर डोळे पुसून समोरच्याच्या डोळ्यांत पाहते. अपमानाच्या प्रसंगात त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. शंकर-जयकिशनच्या संगीतामुळे तो सिनेमा लक्षात राहिला असं लोक म्हणतात. गाणी अवीट आहेतच. पण गाणी काढून टाकली तरी ती मुलगी उरते, हे मी आज पुन्हा पुन्हा पाहून ठामपणे सांगते.

ही ताकद कुठून आली याचा मी विचार करते तेव्हा मला त्यांची सुरुवात महत्त्वाची वाटते. मो. ग. रांगणेकरांच्या ‘आशीर्वाद’ नाटकातून त्या रंगभूमीवर आल्या. रांगणेकरांचं नाटक म्हणजे घरातलं बोलणं, मध्यमवर्गीय दिवाणखान्यातली माणसं. आरडाओरड्याला तिथे जागा नव्हती. आणि पडद्यावर त्या प्रथम आल्या त्या उदय शंकर यांच्या ‘कल्पना’ (१९४८) या नृत्यपटात. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत झालेला तो सिनेमा, उदय शंकरांनी आयुष्यात केलेला एकमेव. नृत्य करणारं शरीर आणि रांगणेकरी संवादावर घडलेला गळा, ही शिदोरी घेऊन वसईची मुलगी हिंदी सिनेमात उतरली. ‘कल्पना’ची प्रत पुढे फार खराब झाली होती, मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या संस्थेने ती नव्याने दुरुस्त केली आणि २०१२ साली कान महोत्सवात ती दाखवली गेली. ही बातमी वाचली त्या दिवशी मला आमच्या तंबूतल्या तुटक्या रिळांची फार आठवण झाली. त्या रिळांचं पुढे काय झालं असेल?

आता ‘बादबान’विषयी. हा सिनेमा पालघरच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने पाहायला हवा असं मला वाटतं. १९५४ चा, फणी मजुमदारांनी दिग्दर्शित केलेला. बॉम्बे टॉकीज ही एकेकाळची बलाढ्य कंपनी डबघाईला आली होती, आणि तिथल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून हा चित्रपट उभा केला. बॉम्बे टॉकीजचा हा शेवटचा सिनेमा ठरला. अशोककुमार, मीनाकुमारी, देव आनंद आणि उषा किरण. कथा मच्छीमारांच्या जगातली: समुद्र, वादळ, त्यात गेलेली माणसं, मागे राहिलेली मुलं. उषाताई त्यात कोळ्याची पोर. नायिका म्हणून नाव मीनाकुमारीचं, पण त्या वर्षीच्या कामासाठी फिल्मफेअरने ‘सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री’ असा नवा पुरस्कार सुरू केला तेव्हा तो मिळवणाऱ्या पहिल्या अभिनेत्री ठरल्या उषा किरण. म्हणजे हिंदी सिनेमाच्या इतिहासात या सन्मानाची जी लांब यादी आज आहे, तिच्यातलं पहिलं नाव आपल्या जिल्ह्यातल्या वसईचं आहे.

बॉम्बे टॉकीज मालाडला होती, दिग्दर्शक बिमल रॉय यांचं बिऱ्हाड अंधेरीच्या मोहन स्टुडिओत होतं, गोरेगावला फिल्मिस्तान होती. सगळं आमच्याच लायनीवर. मुंबईला जाणाऱ्या शटलमध्ये खिडकीशी बसून मालाड आलं की मी बाहेर डोकावत असे, जणू स्टुडिओचा दरवाजा रुळाला लागूनच असेल. तो कधी दिसला नाही.

सातपाटीच्या बंदरात माझ्या लहानपणी शिडाच्या होड्या होत्या. वारा पाहून निघायचं, वारा पाहून परतायचं, आणि घरच्या बाया किनाऱ्यावर उभ्या. ‘बादबान’मधलं ते उभं राहून वाट पाहणं उषाताईंनी असं केलं आहे की सातपाटीच्या, मुरब्याच्या, दांडीच्या बायकांना ते आपलं वाटावं. बोलणं हिंदी, दिग्दर्शक बंगाली, तरी वाट पाहणाऱ्या बाईचे खांदे कसे आखडतात हे किनाऱ्याजवळ जन्मलेल्या मुलीला कोणी शिकवायची गरज नव्हती. आज शिडं गेली. बोटींना मोठी इंजिनं आली, दिशा दाखवायला उपग्रह आला. सातपाटीचं पापलेट २०२३ मध्ये राज्य मासा झालं, पण जाळ्यात ते पूर्वीइतकं येत नाही असं कोळी बांधव कळवळून सांगतात. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ झाला. आमच्या किनाऱ्यावरच्या घराघरांत त्यावरून काळजी आहे, राग आहे, काहींना आशाही आहे. समुद्रावर जगणाऱ्यांच्या आयुष्यात मोठं काही घडतं तेव्हा आत काय होतं, हे दाखवणारा सिनेमा आपल्या मातीतल्या मुलीने सत्तर वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. तो सातपाटीच्या वाळूवर पडदा लावून कोणी दाखवला तर मी पहिल्या रांगेत गोणपाट टाकून बसेन.

आईची उषाताई हिंदीतली नव्हती, मराठीतली होती. १९५९ चा ‘शिकलेली बायको’ हा तिचा सगळ्यात लाडका सिनेमा. माधव शिंदे यांचं दिग्दर्शन, सूर्यकांत नायक, पी. सावळाराम यांची गाणी आणि वसंत प्रभूंचं संगीत. आकाशवाणीवर ‘आपली आवड’मध्ये त्यातलं गाणं लागलं की आई हातातलं काम टाकून ओटीवर येई. आई चौथी शिकलेली. तिच्या पिढीत आमच्या भागातल्या मुलींना त्यापुढे पाठवण्याची पद्धत नव्हती. शाळा दूर, वाट खाजणातून, आणि घरात धाकटी भावंडं सांभाळायला कोणी तरी हवंच. तिला सिनेमाच्या त्या नावाचंच कौतुक होतं. शिकलेल्या बाईची पडद्यावर टर उडवणारे सिनेमे तेव्हा पुष्कळ निघत: चष्मा लावलेली, इंग्रजी फाडणारी, शेवटी नवऱ्याच्या पाया पडून शहाणी होणारी. उषाताईंच्या वाट्याला शिकलेली बाई आली की तिचं शिक्षण अंगावर घातलेल्या दागिन्यासारखं वाटत नसे, ते तिच्या बोलण्या-चालण्यात मुरलेलं असे. आईने मला मॅट्रिकच्या पुढे पाठवायचं ठरवलं तेव्हा घरात विरोध झाला. तिने कोणाशी वाद घातला नाही. आवाज न चढवता म्हणाली, ‘‘ती जाणार.’’ हे तिने कुठून उचललं होतं ते मला ठाऊक आहे.

पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, शिंदे-प्रभू-सावळाराम या मंडळींचा ‘कन्यादान’ आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. उषाताई त्यातही होत्या. त्यातलं लग्नाचं गाणं आमच्याकडे मांडव पडला की कर्ण्यावरून लागायचंच, मग लग्न वाडवळांचं असो, भंडाऱ्यांचं असो की मांगेल्यांचं. आता लग्नाला डीजे असतो, हॉलची वेळ ठरलेली असते, आणि मांडवाच्या दारात बसून गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या उरल्या नाहीत. परवा चिंचणीत एका हळदीला कोणी तरी मोबाइलवरून तेच गाणं लावलं. तरुण मुली थांबून ऐकत राहिल्या. जुनं चांगलं असेल तर नव्यांना ते ऐकवावं लागतं, इतकंच.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि आमचं सिनेमा पाहणं बदललं. बोईसरला कॉलनीत घरांच्या गच्चीवर अँटेना उभे राहिले. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्याकडे सगळा मजला जमे. वारा सुटला की चित्र हले. मग एक जण गच्चीवर, एक जण खिडकीत, आणि ‘‘आलं, आलं, आता सोडू नको’’ अशी ओरड. ‘शिकलेली बायको’ मी आईबरोबर तशा टीव्हीवर पुन्हा पाहिला. तेव्हा आईचे केस पांढरे झाले होते आणि पडद्यावरच्या उषाताई तितक्याच तरुण होत्या.

खऱ्या उषाताई मात्र तोवर पडद्यावरही वयाने वाढल्या होत्या, आणि ते त्यांनी ज्या सहजतेने स्वीकारलं त्याचं मला सर्वांत जास्त कौतुक आहे. डॉ. मनोहर खेर यांच्याशी त्यांचं लग्न झालं, डॉ. खेर शीव रुग्णालयाचे अधिष्ठाता होते. लग्नानंतरही निवडक कामं त्या करत राहिल्या. १९६१ मध्ये बलराज साहनींच्या ‘काबुलीवाला’मध्ये त्या मिनीची आई झाल्या. बिमल रॉय यांची निर्मिती, हेमेन गुप्तांचं दिग्दर्शन. त्या आईला पठाणाचा संशय येतो, भीती वाटते. दुसऱ्या कोणी ती बाई खाष्ट केली असती. उषाताईंची आई पाहताना आपल्याला कळतं की अनोळखी माणसाच्या मांडीवर बसलेली आपली लेक पाहून कुठल्याही आईच्या पोटात गोळा येणारच. काबुलीवाल्याला जेवढं प्रेम प्रेक्षक देतो, त्यातला एक वाटा त्या आईच्या भीतीचाही आहे. ती खरी वाटते म्हणून मिनी आणि पठाणाचा लळा अधिक नाजूक वाटतो.

उषाताईंची ही ताकद हृषीकेश मुखर्जींनी त्याआधीच ओळखली होती. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट ‘मुसाफिर’ (१९५७). एकाच घरात एकामागून एक राहायला येणाऱ्या तीन भाडेकरूंच्या कथा. तिसऱ्या कथेत दिलीपकुमार आणि उषा किरण, आणि अधू पायाच्या मुलाच्या कामात डेझी इराणी. उषाताई त्या मुलाची विधवा आई. ‘मुसाफिर’ धंद्यात फारसा चालला नाही, पण ती तिसरी कथा मी कधीही पाहू शकते. पूर्वी ज्याच्यावर जीव होता तो माणूस शेजारच्या घरात व्हायोलिन वाजवतो आहे, मरणाच्या दारात आहे, आणि ही बाई मुलाच्या तोंडून त्याच्याविषयी ऐकते. दिलीपकुमारसमोर टिकणं अवघड होतं, भल्याभल्यांना ते जमलं नाही. उषाताई त्यांच्याशी स्पर्धा करत नाहीत. त्या ऐकतात. पडद्यावर नीट ऐकणारी नटी दुर्मीळ असते.

पंधरा वर्षांनी हृषीदांनी त्यांना ‘बावर्ची’त (१९७२) बोलावलं. भांडणाऱ्या एकत्र कुटुंबात धाकट्या जावेच्या भूमिकेत. थोरली जाऊ दुर्गा खोटे. म्हणजे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधली तारामती आणि १९५३ ची राधा एका हिंदी सिनेमाच्या स्वयंपाकघरात चहा कोणी करायचा यावरून धुसफुसत आहेत! दोघीही मराठी, दोन पिढ्यांच्या. राजेश खन्नासाठी तो सिनेमा पाहायला आलेल्या मुलींना याचं काय, पण आमच्या घरात आई आणि काकू त्या दोघींवर खूश होत्या. ‘‘अगदी आपल्याकडच्यासारखं,’’ काकू म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्यांचं स्वतःचं महिनाभर पटत नव्हतं. १९७५ मध्ये ‘चुपके चुपके’ आणि ‘मिली’. ‘मिली’मध्ये जया भादुरीच्या आईचं काम. लेक वाचणार नाही हे कळलेली आई. अशोककुमारांना बोलायला प्रसंग आहेत; उषाताईंना फार नाहीत. घरात वावरताना त्या लेकीकडे पाहतात आणि लगेच नजर काढून घेतात, लेकीला कळू नये म्हणून. एवढंच काम, आणि मला तो सिनेमा एका बैठकीत पाहवत नाही तो त्या नजरेमुळे.

नायिका म्हणून नाव झालेल्या बाईने पुढे आई-काकूची कामं करणं आजही कमीपणाचं मानतात. मुलाखतींतून तशी खंत ऐकू येते. उषाताईंची कामं पाहताना मला ती खंत एकदाही जाणवली नाही. पाच मिनिटांचा प्रसंग असो की पाच रिळांचा, त्यांची तयारी तीच. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे, आणि म्हणूनच त्या थोड्या विसरल्या गेल्या. आपण चमकणाऱ्यांना लक्षात ठेवतो. घर उभं धरणाऱ्यांना गृहीत धरतो.

आता सगळे सिनेमे हातातल्या मोबाइलवर आहेत आणि मी ते लोकलमध्ये बसून पाहते. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली. विरारच्या शटलसाठी तासन्‌तास फलाटावर बसण्याचे दिवस गेले, पण गर्दी इतकी की बोईसरला चढलेल्या बाईला पालघरच्या बाईने सरकून जागा दिली तरच टेकायला मिळतं. महिलांच्या डब्यात औषधांच्या कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या मुली असतात, बँकेतल्या, कोर्टातल्या, जिल्हा मुख्यालयातल्या असतात, वसई-विरारला माशांची पाटी घेऊन जाणाऱ्या असतात. पोटासाठी घराबाहेर पडलेल्या राधा सत्तर वर्षांपूर्वी गोष्टीतल्या होत्या, आता डबा भरून आहेत. त्यांची घरं त्यांच्या पगारावर चालतात आणि त्या कोणापुढे मान खाली घालत नाहीत. मी मोबाइलवर ‘पतिता’ पाहत होते तेव्हा शेजारच्या मुलीने इयरफोनचा एक कान मागितला. कारखान्याच्या गणवेशात होती, रात्रपाळी करून आली होती. विरारपर्यंत आम्ही एकेक कान लावून पाहत बसलो. ‘‘ही कोण?’’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘‘आपल्या वसईची.’’ तिला विश्वासच बसेना.

तंबूतली गंमत या लहानशा पडद्यात नाही, हे मी मान्य करते. दोनशे बायकांचा एकत्र रोखलेला श्वास कानातल्या यंत्रात येत नाही. पण तंबूत वर्षातून एकदा आलेला सिनेमा आता हवा तेव्हा थांबवून, मागे नेऊन पाहता येतो. उषाताईंसारख्या नटीला हा काळ अधिक मानवेल. त्यांचं काम पहिल्यांदा दिसत नाही, दुसऱ्यांदा दिसतं.

१९९६ आणि १९९७ मध्ये त्या मुंबईच्या नगरपाल होत्या. ‘उषःकाल’ हे त्यांचं आत्मचरित्र. मिळालं तर जरूर वाचा. ९ मार्च २००० रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. त्यांची मुलगी तन्वी आझमी हिला ‘बाजीराव मस्तानी’मधल्या राधाबाईंच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राधाबाई म्हणजे बाजीरावांची आणि चिमाजीअप्पांची आई. १७३९ मध्ये ज्या चिमाजीअप्पांनी तारापूरचा कोट आणि पाठोपाठ वसईचा किल्ला घेतला, त्यांच्या आईचं काम वसईत जन्मलेल्या नटीच्या लेकीने केलं, आणि तेही आईसारखंच: आवाज न चढवता.

२२ एप्रिल २०२९ ला उषा किरण यांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. पालघरला आता जिल्ह्याचं देखणं मुख्यालय आहे, तालुक्यातालुक्यात वाचनालयं आहेत, महाविद्यालयं आहेत, बोईसरला कॉलनीत उत्साही मंडळं आहेत, वसईत नाट्य आणि साहित्याची जुनी परंपरा आहे. या सगळ्यांना माझी विनंती आहे: आत्तापासून कामाला लागा. त्यांच्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती मिळवा. ‘पतिता’, ‘बादबान’, ‘शिकलेली बायको’, ‘मुसाफिर’, ‘मिली’ असे पाच सिनेमे घेऊन वसई, पालघर, सातपाटी, बोईसर आणि डहाणू इथे पडदे लावा. एखाद्या सभागृहाला त्यांचं नाव द्या. आणि शिक्षक मंडळींनो, ‘आपला जिल्हा’ प्रकल्प देताना मुलांना एवढं नाव सांगा: उषा किरण, वसई, १९२९.